दुर्मिळ जर्मन आडनावाचं मूळ शोधताय? आधी गाव शोधा, अर्थ सगळ्यात शेवटी

कुणाची सून जर्मन असते, कुणाचा जावई, कुणी पुण्यात जर्मन शिकताना एखाद्या लेखकाच्या आडनावापाशी अडकतं, आणि मग प्रश्न सुरू होतात की हे आडनाव मूळ कुठलं, किती लोकांचं आहे, अर्थ काय. इथपर्यंत ठीक. पण पुढे जवळपास सगळे एकाच जागी चुकतात, ते आधी अर्थ शोधायला जातात. डिक्शनरी उघडली, आडनावासारखा दिसणारा शब्द सापडला, त्यावर गोष्ट रचली, आणि मग त्या गोष्टीला जुळतील तेवढेच पुरावे गोळा केले. आडनाव सामान्य असेल तर हे कदाचित खपून जातं, दुर्मिळ असेल तर हमखास चुकीच्या प्रदेशात नेऊन सोडतं.

बरोबर क्रम उलटा आहे. स्पेलिंग, मग आजचा नकाशा, मग जुना नकाशा, मग गाव, मग कागद, आणि अर्थ एकदम शेवटी.

पूर्ण लेखात उदाहरण म्हणून मी नीत्शे घेतोय, तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शेचं आडनाव. या स्पेलिंगने ते खरंच दुर्मिळ आहे, आणि त्यात घरातली दंतकथा आणि कागद समोरासमोर आलेत. नीत्शे स्वतः ठासून सांगायचा की आपण पोलिश सरदार घराण्यातले. पुढे वायमारच्या नीत्शे-आर्काइव्हचं काम बघणारे त्याचे नातलग माक्स ओएलर यांनी पूर्वजांची यादी बसवली, तर सगळी नावं जर्मनच निघाली, आलेल्या सुनांच्या माहेरची सुद्धा. एवढा मोठा विद्वान माणूस आणि स्वतःच्या आडनावाबद्दल ऐकीव गोष्टीवर विसंबला, म्हणून हा क्रम पाळायचा.

## तयारी: शोधाआधी टेबलावर काय हवं

आडनाव हवेत शोधता येत नाही, ते कुणातरी माणसाला चिकटलेलं असतं. म्हणून आधी एक माणूस पकडा, ज्याचं नाव, जन्माचं किंवा लग्नाचं साधारण वर्ष आणि ठिकाण ठाऊक आहे. तिथून एकेक पिढी मागे जायचं. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्याच आडनावाच्या कुणा सरदारापासून खाली यायचा प्रयत्न करू नका, मधल्या पिढ्या कल्पनेनेच भरल्या जातात.

जर्मन घरात दोन गोष्टी आवर्जून मागा. एक, फामीलियनश्टामबुख, म्हणजे लग्नाच्या वेळी मिळणारी कुटुंबाची वही, जिच्यात लग्नाचे आणि मुलांच्या जन्माचे दाखले लावलेले असतात. दुसरी, आननपास. ही १९३० च्या दशकातली पुस्तिका, नाझी सरकार लोकांना वंश सिद्ध करायला लावायचं त्यातून आलेली. तिच्यामागचा हेतू भयंकर होता आणि बऱ्याच घरांत ती दाखवायला लोक बिचकतात, त्यामुळे जपून विचारा, घाई करू नका. पण तिच्यात आजोबा-पणजोबांची नावं, तारखा, गावं असतात आणि बऱ्याच नोंदींवर पाद्र्याचा किंवा नोंदणी अधिकाऱ्याचा शिक्का असतो, म्हणजे पुढचा शोध कुठे करायचा ते आयतं कळतं.

मग एक साधी शीट करा. कॉलम एवढेच: स्पेलिंग जसं दिसलं तसं, गाव, वर्ष, कुठे सापडलं, आणि खात्री किती. आणखी एक कॉलम हवाच, "शोधलं पण मिळालं नाही". हा कॉलम कुणी ठेवत नाही आणि मग तेच रजिस्टर तीन-तीनदा चाळत बसतात.

तपासा: तुमच्याकडे किमान एक माणूस, एक वर्ष आणि एक ठिकाण आहे का? नसेल तर पुढचं काही करू नका, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला.

## टप्पा १: स्पेलिंगची यादी

आज जे स्पेलिंग आहे ते बहुतेक घराण्यांत १८७५ च्या आसपास, सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाल्यावर पक्कं झालं. त्याआधी पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं तो लिहायचा, एकाच बापाच्या तीन मुलांची तीन स्पेलिंगं सहज सापडतात. म्हणून सुरुवातीलाच सगळी शक्य रूपं लिहून काढा.

नीत्शेचं बघा. आजचं स्पेलिंग एन-आय-ई-टी-झेड-एस-सी-एच-ई. आता यातला पहिला ई काढा, झेड काढा, दोन्ही काढा, शेवटचा ई काढा, शेवटी के-ई लावा. प्रत्येक वेळी खरंखुरं, अस्तित्वात असलेलं आडनाव मिळतं, आणि त्यातली काही, म्हणजे ई काढलेलं किंवा ई-झेड दोन्ही काढलेलं, मूळ स्पेलिंगपेक्षा कितीतरी जास्त लोकांची आहेत.

कुठली अक्षरं अदलाबदल होतात ते पाठच करून टाका: बी-पी, डी-टी, जी-के, सी-के, एफ-व्ही, आय-वाय-आयई, आणि झेड-टीझेड-एस. सॅक्सनी आणि थुरिंगियाच्या बोलीत मऊ आणि कठीण व्यंजनांत फरकच कमी, त्यामुळे तिथे पी-बी आणि टी-डी डोळे झाकून दोन्ही शोधायचे. डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं परदेशी कागदांत कधी ई जोडून येतात, कधी टिंबं गाळून, दोन्ही टाकून बघा. काही जर्मन डेटाबेसमध्ये उच्चारावरून शोधायची सोय असते, तिला कोएल्नर फोनेटिक म्हणतात, १९६९ साली खास जर्मन नावांसाठी बनवलेली पद्धत. असेल तिथे ती चालू करा.

बायकांच्या नावाला जुन्या नोंदींत शेवटी "इन" लागतं, म्यूलरची म्यूलरिन होते. ते वेगळं आडनाव नाही, पण यादीत हवं.

सावधान: स्पेलिंग सारखं म्हणजे नातं आहे असं नाही, आणि वेगळं म्हणजे नातं नाही असंही नाही. या टप्प्यावर नात्याबद्दल कुठलाच निष्कर्ष काढायचा नाही.

## टप्पा २: आजचा नकाशा, आणि आकडे वाचायचे कसे

जर्मनीत आडनावांच्या प्रसाराचे नकाशे टेलिफोन डिरेक्टरीवरून बनतात. गेओगेन नावाचं टूल जिल्ह्यानुसार रंग भरून दाखवतं. माइन्त्सच्या अकादमीचा आडनावांचा डिजिटल शब्दकोश, ज्याला डीएफडी म्हणतात, २००५ च्या लँडलाइन नोंदींवर उभा आहे आणि त्यात संख्या, क्रमांक, नकाशा, अर्थ असं सगळं एकत्र मिळतं. काम अजून चालू आहे, त्यामुळे फार दुर्मिळ आडनाव असेल तर तिथे लेख सापडेलच असं नाही, मग जवळच्या स्पेलिंगचा लेख वाचा. (अर्थाचा भाग आत्ता वाचू नका, प्लीज. तो टप्पा ६.)

इथे तीन चुका होतात आणि तिन्ही महागात पडतात.

पहिली, नोंदी म्हणजे माणसं समजणं. एक लँडलाइन म्हणजे एक घर. साधारण अडीच ते तीनने गुणलं की माणसांचा ढोबळ अंदाज येतो, तोही अंदाजच. पन्नास नोंदी दिसल्या तर "जर्मनीत या आडनावाची पन्नास माणसं" असं लिहू नका, सव्वाशे ते दीडशेच्या आसपास म्हणा आणि कुठल्या वर्षाचा डेटा ते सांगा.

दुसरी, नुसता आकडा बघणं. समजा बर्लिनमध्ये ४० नोंदी आहेत आणि एक लाख वस्तीच्या एका ग्रामीण जिल्ह्यात १२. लोक म्हणतात मूळ बर्लिनचं. पण बर्लिनची वस्ती ३५ लाखांच्या घरात, म्हणजे लाखामागे एक-सव्वा, आणि त्या छोट्या जिल्ह्यात लाखामागे बारा. मूळ बहुधा त्या छोट्या जिल्ह्याकडे आहे, बर्लिनला लोक पोटापाण्यासाठी गेलेत. मोठी शहरं सगळ्यांनाच ओढतात म्हणून बर्लिन, हाम्बुर्ग, म्युनिक, रूर पट्टा हे आधी मनातल्या मनात नकाशावरून पुसायचे आणि मग उरलेलं चित्र बघायचं.

तिसरी, जिल्ह्यांच्या सीमा. जाक्सन-आनहाल्ट राज्यात २००७ साली आणि सॅक्सनीत २००८ साली जिल्हे नव्याने पाडले. नीत्शेचं जन्मगाव रोएकन जुन्या नकाशात वाइसनफेल्स जिल्ह्यात दिसेल, आज ते बुर्गनलांडक्राइसमध्ये आहे. नकाशा कुठल्या सालचा आहे ते न बघता आजच्या जिल्ह्याच्या आर्काइव्हला ईमेल पाठवू नका.

जगभरातल्या आडनावांचे देशवार आकडे देणाऱ्या साइट्सही आहेत, त्यांचे दुर्मिळ नावांचे आकडे मी कधीच वापरत नाही. ते हिशोबाने वाढवलेले अंदाज असतात, आणि नाव जितकं दुर्मिळ तितकी त्यातली चूक मोठी.

तपासा: शहरं वगळल्यावर एक घट्ट पुंजका दिसतो का? दिसत असेल तर एकाच मूळ घराण्याची किंवा एकाच गावाची शक्यता जास्त. दोन-तीन लांब-लांब पुंजके असतील तर आडनाव वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालं असू शकतं, प्रत्येक पुंजक्याचा तपास वेगळा करा. आणि पुंजकाच नसेल, सगळीकडे एकेक शिंतोडा असेल, तर पुढचा टप्पा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

## टप्पा ३: १९४५ च्या आधीचा नकाशा

हा टप्पा लोक सरळ गाळतात, आणि त्यामुळेच श्लेसिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया (तेव्हाच्या जर्मनीचे पूर्वेकडचे प्रदेश, आज बहुतेक पोलंड-रशियात) इथली आडनावं बव्हेरियाची किंवा वेस्टफालियाची म्हणून इंटरनेटवर फिरत राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आणि नंतर पूर्वेकडून १ कोटी २० लाखांच्या आसपास जर्मन लोक पळून आले किंवा हाकलले गेले, आणि जिथे जागा मिळाली तिथे वसले. टेलिफोन डिरेक्टरीत ती माणसं नव्या पत्त्यावर दिसतात. म्हणजे आजचा नकाशा त्यांच्यासाठी निर्वासितांना कुठे जागा मिळाली त्याचा नकाशा आहे, आडनावाच्या उगमाचा नाही.

यावर उत्तम उपाय म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या हानीच्या याद्या, जर्मनमध्ये फेर्लुस्टलिस्टन. मेलेले, जखमी झालेले, बेपत्ता, कैद झालेले सैनिक, आणि नावापुढे गाव, बहुधा जन्माचं. कॉम्पगेन या जर्मन वंशशोधकांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी या याद्यांतल्या सुमारे ८५ लाख नोंदी हाताने टाइप करून शोधता येतील अशा केल्यात आणि हे सगळं फुकट आहे. त्या लोकांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

कसं करायचं: टप्पा १ मधलं प्रत्येक स्पेलिंग वेगळं टाका, आलेली गावं शीटमध्ये भरा, मग ती नकाशावर टिंबांनी मांडा आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवा. दोन्ही चित्रं जुळली तर फारच छान. नाही जुळली तर जुन्यावर विश्वास ठेवा.

सावधान: एकच सैनिक दोन-तीनदा येतो, आधी जखमी म्हणून, नंतर बेपत्ता म्हणून, मग दुरुस्ती म्हणून. पहिलं नाव आणि गाव सारखं असेल तर एकच धरा, नाहीतर दुर्मिळ आडनावाची संख्या उगाच फुगते. आणि या याद्यांत फक्त सैन्यातले पुरुष आहेत, त्यामुळे यावरून एकूण लोकसंख्या काढू नका, फक्त प्रदेश काढा.

## टप्पा ४: गाव पक्कं करणं

प्रदेश कळला, आता गाव. इथे सगळ्यात मोठा सापळा म्हणजे एकाच नावाची गावं. नीत्शेच्या पणजोबांचं गाव बिब्रा. एक बिब्रा आजच्या जाक्सन-आनहाल्टमध्ये आहे, आता त्याला बाड बिब्रा म्हणतात, तेच नीत्शे घराण्याचं. दुसरं थुरिंगियात माइनिंगनजवळ आहे, ज्याच्यावरून फोन बिब्रा हे सरदार घराणं आलं. कागदावर नुसतं "बिब्रा" वाचून जो दुसऱ्या गावाच्या चर्चची पुस्तकं उघडेल त्याला कितीही शोधून ते नीत्शे सापडायचे नाहीत.

दुसरा सापळा राज्यांच्या नावांचा. "सॅक्सनी" म्हणजे कुठलं? सॅक्सनीचं राज्य, प्रशियाचा सॅक्सनी प्रांत, आजचं सॅक्सनी राज्य (फ्राइश्टाट सॅक्सनी), आजचं जाक्सन-आनहाल्ट, सगळे वेगळे. रोएकन आणि नीत्शेच्या वडिलांचं जन्मगाव आयलनबुर्ग ही दोन्ही ठिकाणं १८१५ पर्यंत सॅक्सनीच्या राजाकडे होती, नेपोलियनच्या युद्धांनंतर सीमा ठरवणाऱ्या व्हिएन्ना काँग्रेसनंतर प्रशियाकडे गेली, आणि आज आयलनबुर्ग फ्राइश्टाट सॅक्सनीत तर रोएकन जाक्सन-आनहाल्टमध्ये. कुठल्या सालचा कागद आहे त्यावर तो कुठल्या आर्काइव्हमध्ये मिळेल हे ठरतं.

म्हणून गाव सापडलं की दोन ठिकाणी तपासा. एक, मेयर्सचा १९१२-१३ चा गॅझेटियर, म्हणजे गावांचा कोश, जो जर्मन साम्राज्यातल्या बारक्या वस्त्यासुद्धा देतो आणि त्यांचं नोंदणी ऑफिस कुठे होतं ते सांगतो. दुसरं, कॉम्पगेनचा जीओव्ही हा ऐतिहासिक गावांचा डेटाबेस, ज्यात गाव कधी कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या चर्चखाली होतं ते दिसतं. पूर्वेकडच्या, आज पोलंड किंवा रशियात असलेल्या गावांसाठी कार्टनमाइस्टर ही साइट वापरा, तिथे जर्मन आणि आजचं अशी दोन्ही नावं मिळतात.

तपासा: तुमच्याकडे गावाचं नाव, त्या काळचा जिल्हा, नोंदणी ऑफिस आणि चर्च अशा चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का? एक जरी रिकामी असेल तर थांबा.

## टप्पा ५: कागद

सरकारी नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ ला आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ ला सुरू झाली. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर फ्रेंच राजवटीमुळे त्याच्याही खूप आधीपासून होती. त्याआधीचं सगळं चर्चच्या पुस्तकांत: बाप्तिस्मा, लग्न, दफन.

नवे दाखले सहज मिळत नाहीत. जन्माची नोंद ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं नोंदणी ऑफिसात राहते आणि तोवर ती मुख्यतः थेट वारसांनाच मिळते, त्यानंतर आर्काइव्हमध्ये जाते आणि कुणीही मागू शकतं. ईमेल जर्मनमध्ये, छोटा, एका वेळी एकच माणूस, नातं स्पष्ट, आणि फी भरायला तयार आहे हे लिहिलेलं. "आमच्या आडनावाची सगळी माहिती पाठवा" असल्या ईमेलला उत्तर येत नाही, आणि येऊही नये, ते त्यांचं काम नाही.

चर्चची पुस्तकं: प्रोटेस्टंट बऱ्याच भागांची आर्खिऑन या साइटवर, पैसे भरून. कॅथलिक बरीच मात्रिकुला या साइटवर, फुकट. फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या साइटवरही भरपूर आहे, काही फोटो मात्र फक्त त्यांच्या सेंटरमध्ये जाऊन बघता येतात. पूर्वेकडच्या रजिस्टरांचा एक भाग बर्लिनच्या नोंदणी ऑफिसात आहे, एक भाग पोलंडच्या सरकारी आर्काइव्हमध्ये, त्यातलं बरंच ऑनलाइन.

अक्षर कुरेंट असतं, म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर, आजचे जर्मन लोकही ते सहज वाचू शकत नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही पण अंदाजही करायचा नाही. त्यात ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात, लांब एस, एफ आणि एच गोंधळ घालतात, यू वर एक छोटी चंद्रकोर असते, आणि एम किंवा एन वर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा वाचायचं. आडनाव वाचता येत नसेल तर त्याच पाद्र्याच्या हातची, ठाऊक असलेली नावं शोधा (योहान, मारिया, आणा) आणि त्यातून अक्षरं जुळवा. इंडेक्सवर कधीच थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडाच, कारण दुर्मिळ आडनाव टाइप करणाऱ्याने बहुतेक वेळा त्याच्यासारखं दिसणारं सामान्य आडनाव टाइप केलेलं असतं.

सावधान, आडनाव मध्येच बदललं तर: वेस्टफालिया आणि आसपास शेताला स्वतःचं नाव असायचं, आणि लग्न करून त्या शेतावर राहायला आलेला जावई ते नाव घ्यायचा. नोंदीत दोन नावांमध्ये "गेनान्ट" (म्हणजे "या नावाने ओळखला जाणारा") हा शब्द दिसला की समजायचं. पूर्व फ्रिसलंडमध्ये बापाचं नाव मुलाचं आडनाव असायचं, दर पिढीला नवीन, ते १८११ साली नेपोलियनच्या हुकमाने थांबवायला घेतलं. ज्यू घराण्यांना बऱ्याच राज्यांत कायम आडनाव कायद्याने घ्यावं लागलं, ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राज्यात १७८७, प्रशियात १८१२, बव्हेरियात १८१३. त्यामुळे या तारखांच्या मागे तेच आडनाव शोधून उपयोग नाही. आणि शेवटी "बेर्ग" किंवा "श्टाइन" दिसलं म्हणून घराणं ज्यू ठरवू नका, तीच आडनावं ख्रिश्चनांचीही आहेत.

अमेरिकेत गेलेल्या शाखेबद्दल एक: एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्कचं स्थलांतरितांचं तपासणी नाकं) अधिकाऱ्याने नाव बदललं ही गोष्ट घराघरांत सांगतात, पण तो अधिकारी जहाजाच्या यादीशी नाव पडताळायचा, नवीन लिहायचा नाही. नावं नंतर, शाळेत, कामावर, शेजाऱ्यांच्या तोंडी बदलली. म्हणून जहाजाची यादी शोधताना जुनंच स्पेलिंग टाका.

## टप्पा ६: आता अर्थ

आता तुमच्याकडे प्रदेश आहे, जुनी स्पेलिंगं आहेत. जर्मन आडनावं साधारण पाच प्रकारची: बापाच्या नावावरून, गावावरून, घराच्या जागेवरून, धंद्यावरून, टोपणनावावरून. आपल्या "कर"सारखं तिकडे गावाला "एर" लागतं, बामबेर्गचा बामबेर्गर. पण "एर" धंद्यालाही लागतं, म्हणून त्या नावाचं गाव तुमच्या पुंजक्याच्या आसपास खरंच आहे का ते टप्पा ४ च्या साधनांनी बघा.

शेवटचे तुकडे प्रदेश सांगतात: "झेन" उत्तरेला श्लेसविग-होल्श्टाइनकडे, "ले" स्वाबियात, "हूबर" आणि "होफर" बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे, "ओ" उच्चाराचं ओ-डब्ल्यू मेक्लनबुर्ग-पोमेरेनियात, "आइट" पूर्व प्रशियात लिथुआनियन वळणाचं. तुकडा एक प्रदेश सांगतोय आणि जुना नकाशा दुसरा, असं झालं तर परत टप्पा ३ ला जा.

उत्तरेत लो जर्मन ही वेगळी बोली, म्हणून तिथल्या आडनावाचा अर्थ आजच्या जर्मन डिक्शनरीत शोधू नका, तिकडचा वाइस म्हणजे विट्ट, तिकडचा म्यूलर म्हणजे म्योलर. आणि "फोन" लागलं म्हणजे सरदार असंही नाही, वायव्येकडे ते नुसतं कुठून आला ते सांगतं.

नीत्शेकडे या. हे आडनाव निकोलाउस या नावाच्या लाडक्या, छोट्या रूपावरून आलंय, आणि ते रूप स्लाव्ह (पोलिश वगैरे भाषांच्या कुळाच्या) वळणाचं आहे. सॅक्सनी, लाउसित्स, श्लेसिया या पट्ट्यात जर्मन आणि स्लाव्ह भाषा शेकडो वर्षं शेजारी बोलल्या गेल्या, तिथे अशी आडनावं भरपूर. म्हणजे आडनावात स्लाव्ह अंश आहे हे खरं, पण त्यातून निघतं एवढंच की कुठल्यातरी पूर्वजाला निकोलाउसच्या या रूपाने हाक मारायचे. पोलंड त्यातून निघत नाही, सरदारकी तर नाहीच. अर्थ आधी शोधला असता तर "स्लाव्ह नाव, म्हणून पोलिश, म्हणून सरदार" ही साखळी किती पटकन जुळली असती बघा.

सावधान: "तुमच्या आडनावाचं मानचिन्ह" (कोट ऑफ आर्म्स) विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. मानचिन्ह एका ठरावीक घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं, तुमचा त्या घराण्याशी संबंध कागदावर नसेल तर ते दुसऱ्याचं आहे.

## टप्पा ७: लिहून ठेवणं

प्रत्येक वाक्यामागे कागद, वर्ष आणि ठिकाण. खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं लिहा, "बहुधा" आणि "असावं" हे शब्द वापरायला लाजू नका. घरातली दंतकथा फेकू नका, पण तिला वेगळ्या परिच्छेदात ठेवा आणि ती कुणी, कधी सांगितली ते लिहा, पुढे एखाद्या कागदाशी तिचा धागा जुळू शकतो.

प्रसाराचा आकडा लिहिताना त्याच ओळीत तीन गोष्टी हव्यात: डेटा कुठल्या वर्षाचा, नोंदी की माणसं, आणि कुठली स्पेलिंगं धरली.

वंशवृक्ष ऑनलाइन टाकायचे असतील तर कॉम्पगेनच्या गेडबास या डेटाबेसवर टाकता येतात, म्हणजे त्याच आडनावावर काम करणारा दुसरा कुणी तुम्हाला शोधू शकतो. पण जिवंत माणसांची नावं, जन्मतारखा टाकू नका. दुर्मिळ आडनावात नुसतं पहिलं नाव आणि शहर दिलं तरी माणूस ओळखू येतो, त्यामुळे आधी त्या प्रत्येकाची परवानगी घ्या आणि कुणी नाही म्हटलं तर ती ओळ काढून टाका.